सारखेच २६ गुण, वीसपट पगार: पास्कल सियाकमच्या कारकिर्दीतून समजून घेऊया एनबीएचा हिशेब

१३ जून २०१९. ओकलंडमध्ये कॅनडाच्या टोरंटो रॅप्टर्सने गोल्डन स्टेट वॉरियर्सना अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात हरवलं आणि एनबीए या बास्केटबॉल लीगचं विजेतेपद पहिल्यांदाच अमेरिकेबाहेर गेलं. त्या सामन्यात रॅप्टर्सकडून सर्वाधिक गुण दोघांनी केले, प्रत्येकी २६. एक काइल लाउरी, संघातला अनुभवी खेळाडू, त्या हंगामाचा पगार सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर. दुसरा पास्कल सियाकम, कॅमेरूनचा, वय २५, पगार सुमारे १५ लाख डॉलर. जर्सी एक, गुण सारखे, आणि पगारात वीसपट फरक!

यात कुणी कुणाला फसवलेलं नव्हतं. कुठल्या खेळाडूला कधी आणि किती पैसे द्यायचे याचे एनबीएमध्ये लेखी नियम आहेत, आणि ते वाचायला बसलं तर वकिलालाही घाम फुटेल इतके किचकट आहेत. पण एखाद्या खेळाडूचं बोट धरून त्यातून चाललं तर बरंच काही उलगडतं. त्यासाठी सियाकमइतकं सोयीचं उदाहरण मला तरी दुसरं दिसत नाही. ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) मागचा क्रमांक, छोट्या लीगमधली उमेदवारी, एकदम तेरापट झालेला पगार, मग उतरती कळा, मग अदलाबदल, मग पुन्हा कमाल पगार. या यंत्रणेतला जवळजवळ प्रत्येक जिना तो चढला किंवा उतरला आहे.

महापौरांचा मुलगा, सेमिनरीतला विद्यार्थी

आधी एक गैरसमज दूर करू. आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूची गोष्ट म्हटली की झोपडी, उपासमार आणि फाटके बूट असं चित्र आपोआप डोळ्यापुढे येतं. सियाकमचे वडील माकेनेने नावाच्या गावाचे महापौर होते. पास्कलचा जन्म २ एप्रिल १९९४ चा, दुआला या बंदराच्या शहरातला. घरात शिक्षणाला आणि शिस्तीला फार महत्त्व. वडिलांनी चारही मुलांना बाफिया इथल्या सेंट अँड्र्यूज सेमिनरीत, म्हणजे कॅथलिक पाद्री घडवणाऱ्या निवासी शाळेत घातलं. पास्कल तिथे गेला तेव्हा ११ वर्षांचा होता.

थोरले तिघे भाऊ बास्केटबॉलच्या जोरावर अमेरिकेतल्या महाविद्यालयांत पोचले. आपल्यापैकी एक जण तरी एनबीएमध्ये खेळावा हे वडिलांचं स्वप्न. पास्कलला मात्र या खेळाचं काही नव्हतं. कॅमेरूनमध्ये मुलगा जन्माला येतो तो फुटबॉलसाठीच, असं म्हटलं तरी चालेल. १९९० च्या विश्वचषकात रॉजर मिलाच्या संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली होती, आफ्रिकेतल्या कुठल्याही देशाला तोवर ते जमलं नव्हतं. पुढे सॅम्युएल एटो आला. पास्कललाही फुटबॉलपटूच व्हायचं होतं, पाद्री तर अजिबात व्हायचं नव्हतं.

इथे लुक एमबाह आ मुटे या माणसाची ओळख करून द्यायला हवी. याउंदेजवळच्या एका गावप्रमुखाचा हा मुलगा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून खेळला, २००८ च्या ड्राफ्टमध्ये ३७ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि एनबीएमध्ये दशकभर टिकला. तारा वगैरे नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या हुकमी खेळाडूला रोखणं हे त्याचं काम. पण उन्हाळ्यात मायदेशी येऊन तो मुलांसाठी शिबिर घ्यायचा, आणि कॅमेरूनच्या बास्केटबॉलसाठी त्या शिबिराने जे केलं ते भल्याभल्या योजनांना साधलं नसतं. २०११ मध्ये जोएल एम्बीड नावाचा एक उंच मुलगा त्या शिबिरातून पुढे आला. त्याच सुमारास सियाकमही तिथे गेला, सुट्टीतली मजा म्हणून. खेळ कच्चा होता. पण अंगात पळण्याची रग आणि लांब हात होते, आणि ते शिकवून येत नाहीत.

२०१२ मध्ये त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ शिबिराचं बोलावणं आलं. एनबीए आणि आंतरराष्ट्रीय महासंघ मिळून ते चालवतात. तिथून टेक्सासमधल्या लुईसव्हिल गावची एक छोटी शाळा, आणि २०१३ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठ. बास्केटबॉलच्या जगात हे काही नावाजलेलं विद्यापीठ नव्हे. मोठ्या विद्यापीठांच्या रांगा त्याच्या दारात लागल्या नव्हत्या.

पगाराशिवायची वर्षं

अमेरिकेत व्यावसायिक खेळाकडे जाणारा मुख्य रस्ता महाविद्यालयातून जातो. सियाकमच्या काळात महाविद्यालयीन खेळाडूला पगार नव्हता. फी माफ, राहणं-जेवण मोफत, एवढंच. (आता जाहिरातींतून आणि विद्यापीठाकडूनही पैसे मिळू लागलेत. तो निराळाच गुंता आहे.) खेळण्यासाठी चार हंगाम मिळतात, पण एखादं वर्ष सरावापुरतंच राहून सामने खेळले नाहीत तर ते वर्ष त्या चारांत मोजत नाहीत. सियाकमचं पहिलं वर्ष असंच बाजूला बसून गेलं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये, तो पहिला सामना खेळण्याच्या तोंडावर असताना, वडील मोटार अपघातात गेले. अंत्यसंस्काराला जायचं तर व्हिसाची अडचण: एकदा देशाबाहेर पडलं की परत प्रवेश मिळेलच याची खात्री नाही. तो गेला नाही. परदेशी शिकणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना या निर्णयाचं ओझं वेगळं सांगायला नको.

त्या हंगामात तो आपल्या विभागातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्या वर्षी सामन्यागणिक सरासरी २०.३ गुण, ११.६ रिबाउंड आणि विभागातला सर्वोत्तम खेळाडू. रिबाउंड म्हणजे हुकलेला नेम रिंगवरून उसळल्यावर चेंडू आपल्या हाती घेणं. उंची लागतेच, पण चेंडू कुठे उसळणार याचा अंदाज आणि दुसऱ्यापेक्षा एकदा जास्त उडी मारायची चिकाटी त्याहून जास्त लागते. सियाकमची ओळख तिथून झाली. मग दोन वर्षांचे हंगाम शिल्लक असताना त्याने ड्राफ्टसाठी नाव दिलं.

सत्ताविसावा

आयपीएलच्या लिलावात खेळाडूवर बोली लागते, जो संघ जास्त पैसे देईल त्याला तो मिळतो. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये बोली नसतेच. ३० संघ, दोन फेऱ्या, आणि संघ आपापल्या पाळीला एकेक नवा खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात ज्यांनी मार खाल्ला त्यांना आधी निवडायला मिळतं (पहिले काही क्रमांक चिठ्ठ्या काढून ठरतात, नाहीतर सगळेच मुद्दाम हरायला लागतील, तसे थोडेफार लागतातच). खेळाडूला आवडता संघ निवडायची मुभा नाही. पगारही मागता येत नाही, कारण पहिल्या फेरीत कितव्या क्रमांकाला किती पैसे याचा तक्ता आधीच छापलेला असतो.

२०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला होता बेन सिमन्स. तक्त्यानुसार त्याचा पहिल्या वर्षाचा पगार सुमारे ५९ लाख डॉलर. रॅप्टर्सनी २७ व्या क्रमांकावर सियाकमला घेतलं. त्याच्या वाट्याला सुमारे १२ लाख. करार चार वर्षांचा, पण त्यातली दोनच वर्षं पक्की. तिसरं आणि चौथं वर्ष द्यायचं की नाही ते संघाच्या मर्जीवर.

सत्ताविसावा का? अनेक जाणकारांना तर तो दुसऱ्या फेरीतलाच वाटत होता. कारण वय. सियाकम तेव्हा २२ वर्षांचा होता. दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला ब्रँडन इंग्रॅम १८ चा. संघ नव्या खेळाडूकडे पाहताना तो आज काय करतो यापेक्षा २५ व्या वर्षी काय करेल याचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज वयावर बेततात. अठराव्या वर्षी जमणारी गोष्ट बाविसाव्या वर्षी जमत असेल तर दुसरा मागे पडला असं धरलं जातं. हिशेब एरवी बरोबरही असतो. पण ज्याने सतराव्या वर्षी चेंडू हाती घेतला त्याला तो लावायचा कसा? सियाकम वयाने २२ चा असला तरी खेळात पाचच वर्षांचा होता. पाच वर्षांत जो इथवर आला तो पुढच्या पाचांत कुठे जाईल, हा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो फार थोड्यांनी विचारला.

रॅप्टर्सचा कारभार तेव्हा मसाई उजिरींकडे होता. नायजेरियात वाढलेले उजिरी आफ्रिकेतल्या शिबिरांशी वर्षानुवर्षं जोडलेले होते, उशिरा सुरुवात केलेली मुलं त्यांनी जवळून पाहिली होती. सियाकमच्या निवडीत त्याचा वाटा किती हे नेमकं मोजता येणार नाही, पण माझ्या मते तो असणारच. त्याच उन्हाळ्यात त्यांनी फ्रेड व्हॅनव्हलीट नावाचा एक खेळाडूही घेतला. त्याला ड्राफ्टच्या साठ जणांतही कुणी निवडलं नव्हतं. ज्या सामन्यात सियाकम आणि लाउरीने २६-२६ गुण केले, त्यात या व्हॅनव्हलीटचे २२ होते.

खाली जाऊन वर

पहिल्या वर्षी संघातला एक खेळाडू दुखापतीने बाहेर असल्यामुळे सियाकम अनपेक्षितपणे सुरुवातीच्या पाचांत आला आणि ३८ सामने तिथून खेळला. मग जागा गेली. त्याला ‘रॅप्टर्स ९०५’ या संघात पाठवलं. हा रॅप्टर्सचाच दुय्यम संघ, टोरंटोशेजारच्या मिसिसागाचा, तेव्हाच्या डी-लीगमधला. एनबीएच्या खालची ही लीग. छोटी मैदानं, साधा प्रवास, मोजके प्रेक्षक. बरेच खेळाडू तिथे पाठवलं की अपमान समजतात.

सियाकमला तिथे एक गोष्ट मिळाली जी वरच्या संघात मिळत नव्हती: चेंडू. वर त्याचं काम पळणं, अडवणं आणि उसळलेला चेंडू पकडणं. खाली तो मुख्य खेळाडू, चुका करायची पूर्ण सूट. २०१७ मध्ये ९०५ ने ती लीग जिंकली आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू सियाकम ठरला.

त्याच्या खेळाबद्दल इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण नुसत्या पगाराच्या आकड्यांवरून माणूस दिसत नाही. सियाकम साधारण सहा फूट आठ इंचांचा. या उंचीचे बरेच खेळाडू एकतर रिंगखाली दांडगाई करतात किंवा लांबून नेम धरतात. सियाकम चेंडू घेऊन बचावपटूच्या अंगावर जातो, खांदा एका बाजूला झुकवतो आणि बचावपटू तिकडे सरकला की टाचेवर गर्रकन फिरून दुसऱ्या बाजूने निसटतो. ही गिरकी त्याची ओळख झाली आहे. ती येणार हे समोरच्याला ठाऊक असतं, तरी थांबवता येत नाही, कारण इतका उंच माणूस इतक्या चटकन दिशा बदलेल यावर शरीराचा विश्वास बसत नाही. फुटबॉल खेळून घडलेले पाय यामागे आहेत असं बरेच जण म्हणतात, आणि मला ते पटतं.

दुसरी गोष्ट पळणं. प्रतिस्पर्ध्याचा नेम हुकला रे हुकला की तो दुसऱ्या टोकाकडे सुटलेला असतो. यात कौशल्य असं काही नाही असं वाटेल. पण ४८ मिनिटांच्या सामन्यात दर वेळी हे करणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजावेत. तसे फुकटचे गुण सामन्याला सहा-आठ मिळाले तरी हंगामाचं चित्र पालटतं.

कमतरता होती ती लांबच्या नेमात. रिंगपासून ठरावीक अंतरावर आखलेल्या कमानीच्या बाहेरून बास्केट केली तर दोनऐवजी तीन गुण. गेल्या काही वर्षांत सगळा खेळच या तिनाभोवती फिरू लागला आहे. २०१७-१८ मध्ये सियाकमचे असे नेम शंभरात २२ लागत. इतके कमी की बचावपटू त्याला मोकळा सोडून दुसऱ्याच्या मदतीला जात. पुढच्या हंगामात ते प्रमाण ३७ च्या जवळ गेलं. एकदा लांबून लागायला लागलं की बचावपटूला अंगाशी यावं लागतं, आणि तो अंगाशी आला की गिरकीला वाव. गुणांची सरासरी ७.३ वरून १६.९ वर गेली. लीगने त्याला ‘सर्वाधिक सुधारणा केलेला खेळाडू’ हा पुरस्कार दिला.

२०१९ च्या अंतिम मालिकेतला पहिला सामना आजही बघण्यासारखा आहे. समोर ड्रेमंड ग्रीन, त्या काळातला बहुधा सगळ्यात हुशार बचावपटू. सियाकमने १७ प्रयत्नांत १४ बास्केट केल्या, ३२ गुण. एनबीएची पहिलीच अंतिम मालिका खेळणारा, पगाराने १५ लाखांचा माणूस.

पत्रकारांचं मत आणि दीड कोटी डॉलर

आता मूळ प्रश्नाकडे. विजेतेपदानंतरही २०१९-२० मध्ये त्याचा पगार सुमारे साडेतेवीस लाखच होता, कारण छापील तक्त्याचं चौथं वर्ष चालू होतं. पण तिसरं वर्ष संपलं की पुढच्या कराराची बोलणी करता येतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये बातमी आली: सियाकमला चार वर्षांचे १३ कोटी डॉलर.

हा आकडा कुठून आला? एनबीएमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर दर वर्षी एक मर्यादा ठरते, लीगच्या कमाईवरून. एका खेळाडूला त्या मर्यादेच्या किती टक्के देता येतील हे त्याच्या सेवेच्या वर्षांवर ठरतं: सहा वर्षांपर्यंत २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३०, दहा किंवा अधिक असतील तर ३५. कितीही मोठा खेळाडू असो, एरवी याच्या पलीकडे संघाला जाता येत नाही (एक अपवाद पुढे येतोच). सियाकमला २५ टक्के मिळाले. पहिल्या वर्षाच्या रकमेवर दर वर्षी ८ टक्क्यांची वाढ. पुढच्या वर्षी मर्यादा किती असेल याचा तेव्हाचा अंदाज धरून बेरीज केली की १३ कोटी होतात.

मग कोरोना आला. लीगची कमाई आटली आणि मर्यादा वाढलीच नाही, आदल्या वर्षीच्या १० कोटी ९१ लाखांवरच थांबली. या हिशेबाने सियाकमच्या चार वर्षांची बेरीज १२ कोटी २० लाखांच्या आसपास खाली यायला हवी होती. पण करारात एक कलम होतं: वर्षाच्या सर्वोत्तम संघांत निवड झाली तर टक्केवारी वाढेल. लीग दर हंगामाच्या शेवटी पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन कागदी संघ जाहीर करते, आणि त्यांची निवड क्रीडा पत्रकार आणि समालोचक मतदानाने करतात. २०२० मध्ये सियाकम दुसऱ्या संघात आला. २५ चे २८ टक्के झाले आणि बेरीज सुमारे १३ कोटी ७० लाखांवर गेली.

म्हणजे पत्रकारांच्या मतपत्रिकांची किंमत जवळजवळ दीड कोटी डॉलर. ज्या माणसाला सामन्यानंतर प्रश्न विचारायचे त्याचाच पगार आपल्या मतावर ठरावा, हे मला अजूनही विचित्र वाटतं. बऱ्याच पत्रकारांनाही तसंच वाटतं.

इथे एम्बीडकडे एक नजर टाकू, कारण तो उलट्या बाजूचा पुरावा आहे. दोघांच्या वयात फक्त १७ दिवसांचं अंतर. एम्बीड १६ मार्च १९९४ चा, याउंदेचा. शिबिर तेच. पण सात फुटी एम्बीड २०१४ मध्ये ड्राफ्टमध्ये तिसरा आला, पायाच्या हाडाने दगा दिला म्हणून पहिले दोन हंगाम एकही सामना खेळला नाही, तिसऱ्यात ३१ सामने खेळला, आणि तेवढ्यावर २०१७ मध्ये फिलाडेल्फियाने त्याच्याशी पाच वर्षांचा १४ कोटी ८० लाखांचा करार केला. संघाने दुखापतीची कलमं घालून स्वतःला थोडं सांभाळून घेतलं होतं, तरीही. पुढे २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा पैसे वाया गेले असं म्हणता येणार नाही. पण एकाला जे आशेवर मिळालं ते दुसऱ्याला विजेतेपद जिंकल्यावर मिळालं. मे २०१९ मध्ये दोघांचे संघ समोरासमोर आले होते. सातव्या सामन्यात टोरंटोच्या कवाय लेनर्डने शेवटच्या क्षणी मारलेला चेंडू रिंगवर चार वेळा टप्पे घेऊन आत पडला, टोरंटो ९२-९० ने जिंकलं, आणि एम्बीड रडत मैदानाबाहेर गेला.

पगार वाढला की नजर बदलते

१५ लाखांत १७ गुण करणारा खेळाडू संघासाठी वरदान असतो. साडेतीन कोटींत तो २२ गुण करत असला तरी लोक विचारतात, एवढंच? सियाकमच्या वाट्याला हे लवकर आलं. २०२० मध्ये कोरोनामुळे हंगामातले उरलेले सामने फ्लोरिडातल्या बंदिस्त वसाहतीत झाले. तिथे बॉस्टनविरुद्ध त्याचा खेळ बसला आणि टोरंटो सात सामन्यांत बाहेर पडलं. पुढच्या हंगामात सीमाबंदीमुळे रॅप्टर्सना ‘घरचे’ सामनेसुद्धा फ्लोरिडातच, टॅम्पाला खेळावे लागले. संघ विस्कटला. मग खांद्याची शस्त्रक्रिया. समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ चेष्टा झाली.

तो परतला ते पास देणारा खेळाडू होऊन. २०२१-२२ मध्ये २२.८ गुण, ८.५ रिबाउंड आणि सामन्याला पाचाहून अधिक असे पास ज्यांवर सहकाऱ्याने बास्केट केली. पुन्हा वर्षाच्या सर्वोत्तम संघांत, या वेळी तिसऱ्यात. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर एका सामन्यात ५२ गुण. पण संघ जिंकत नव्हता, करार २०२४ च्या उन्हाळ्यात संपणार होता, आणि अशा वेळी संघापुढे दोनच वाटा उरतात: तिशीच्या खेळाडूला पुन्हा मोठा करार द्यायचा, किंवा त्याच्या बदल्यात काही मिळतंय तोवर त्याला देऊन टाकायचं.

१७ जानेवारी २०२४ ला टोरंटोने त्याला इंडियाना पेसर्सकडे पाठवलं. बदल्यात ब्रूस ब्राउन, जॉर्डन न्वोरा, किरा लुईस असे तीन खेळाडू (लुईस तिसऱ्या संघाकडून, न्यू ऑर्लिन्सकडून आला) आणि भविष्यातल्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या. एनबीएमध्ये खेळाडू रोखीने विकत घेत नाहीत. पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघांना जवळपास तेवढ्याच पगाराचे खेळाडू परत घ्यावे लागतात. सियाकमचा पगार ३ कोटी ७९ लाख, म्हणून ब्राउनचा सव्वादोन कोटींच्या आसपासचा पगार कामी आला. ब्राउन चांगला खेळाडू आहे, पण या व्यवहारात त्याच्या खेळापेक्षा त्याच्या पगाराला जास्त किंमत होती. खरा मोबदला म्हणजे त्या तीन पाळ्या.

करार सहा महिन्यांत संपणार असलेल्या खेळाडूसाठी इंडियानाने एवढं का मोजलं? एका हक्कासाठी. खेळाडू मोकळ्या बाजारातून संघ न बदलता सलग तीन हंगाम खेळला असेल तर मर्यादा ओलांडूनही त्याच्या संघाला त्याला पुन्हा करारबद्ध करता येतं, आणि अदलाबदलीत हा हक्क खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातो. उन्हाळ्यापर्यंत थांबून मोकळ्या बाजारात त्याला घ्यायचं म्हटलं असतं तर इंडियानाला आधी तेवढी जागा रिकामी करावी लागली असती. या हक्काला लॅरी बर्डचं नाव आहे. बर्ड मूळ इंडियानाचेच, या संघाचे प्रशिक्षक आणि नंतर अध्यक्षही होते. हा नुसता योगायोग, पण मजेशीर.

जुलै २०२४ मध्ये नवा करार झाला. आता सेवेची आठ वर्षं झालेली, म्हणजे ३० टक्के. चार वर्षांचे सुमारे १९ कोटी डॉलर.

पेसर्स आपल्याकडच्या काही वाचकांना आठवत असतील. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सराव सामने झाले होते, पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात. सियाकम तेव्हा अर्थातच टोरंटोत होता.

इंडियानाचे प्रशिक्षक रिक कार्लाइल आणि पास देण्यात पटाईत टायरीस हॅलिबर्टन, दोघांनाही वेगवान खेळ हवा होता. आणि पळणं तर सियाकमचं पहिल्या दिवसापासूनचं भांडवल. २०२५ च्या पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्कविरुद्ध दुसऱ्या सामन्यात त्याने ३९ गुण केले, सहाव्यात ३१. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. त्या करंडकालाही लॅरी बर्डचंच नाव आहे. अंतिम मालिका ओक्लाहोमा सिटीविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेली. त्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला आणि इंडियाना हरलं. हॅलिबर्टन पुढचा संपूर्ण हंगाम बाहेर राहणार हेही लवकरच स्पष्ट झालं.

दरम्यान, कॅमेरूनहून एनबीएकडे येणारी वाट रुंद झाली आहे. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये कॅमेरूनमध्ये वाढलेला इव्ह मिसी २१ वा निवडला गेला. उलरिक चोमशे ५७ वा आला, तो सेनेगलमधल्या एनबीएच्या स्वतःच्या अकादमीतून. सियाकमच्या वेळी अशी अकादमी नव्हती. होतं एका खेळाडूचं उन्हाळी शिबिर.

सियाकमचा सध्याचा करार २०२७-२८ च्या हंगामापर्यंत आहे. तो संपेल तेव्हा त्याच्या सेवेची १२ वर्षं झालेली असतील आणि नियमाप्रमाणे तो ३५ टक्क्यांना पात्र असेल, म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या पगाराला. वय असेल ३४. एवढ्या वयाच्या, पायांवर खेळणाऱ्या माणसाला कुठला संघ ३५ टक्के देईल असं वाटत नाही. पण बाविसाव्या वर्षी वयाकडे बघून ज्याला सव्वीस जणांच्या मागे टाकलं होतं, त्याच्या बाबतीत संघांचे वयाचे हिशेब एकदा चुकलेले आहेत.